सखीची धास्ती

पहिली यादी लागली तेव्हा सखीच्या लेकीचं नाव तिच्यात नव्हतं, आणि सखीला क्षणभर हायसं वाटलं. ही गोष्ट तिनं पुढंही कुणाला सांगितली नाही.

यादी डॉक्टरकीच्या प्रवेशाची होती. प्राजक्ता भिवंडीतल्या कामतघरच्या त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि मोबाइलवर यादी वरून खाली, खालून वर सरकवत होती. नाव नाही हे तिला केव्हाच कळलं होतं, तरी बोट थांबत नव्हतं. सखीनं पुढ्यात ठेवलेल्या चहावर साय धरली. शेजारच्या शेडमधल्या कापडाच्या लूमचा खडखडाट नेहमीसारखा भिंतीतून येत होता.

"अजून दुसरी यादी आहे," प्राजक्ता म्हणाली.

सखी "हां" म्हणाली आणि भांड्यांकडं वळली. आपलं तोंड या घडीला लेकीनं बघू नये असं तिला वाटत होतं.

लेकीनं डॉक्टर होऊ नये असं तिच्या मनात मुळीच नव्हतं. प्राजक्ताच्या अभ्यासापायी तिनं खोलीत दोन वर्षं टीव्ही लावला नव्हता. भीती होती ती लेक घराबाहेर राहायला जाण्याची, वसतिगृहाची. आणि ती भीती फार जुनी होती.

सखी अंबाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यातली. बाप जान्या पावसाळ्यात भात लावायचा आणि उरलेलं वर्ष मिळेल ती मजुरी करायचा. पोरीला अक्षर लवकर कळतंय असं बघून त्यानं तिला आश्रमशाळेत घातली. तिथं तिच्या शेजारच्या सतरंजीवर चंद्रा नावाची मुलगी झोपायची, दुसऱ्या पाड्यातली, हसरी, वेण्या घट्ट घालणारी. सखी पाचवीत असताना चंद्राला ताप भरला. चंद्रा बोलली नाही. आजारी पोरीला घरी धाडायचे, आणि तिच्या घरी त्या दिवसांत दोन वेळचा भात नव्हता. ती रांगेत उभी राहायची, ताट घेऊन बसायची, प्रार्थनेला हात जोडायची. एका सकाळी तिला उठवायला सखीनं हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. मग धावाधाव झाली, जीप आली, चंद्राला भिवंडीला नेलं. ती परत आली नाही. बातमी पाड्यापाड्यातून फिरली आणि जान्या दुसऱ्याच दिवशी येऊन लेकीची पेटी डोक्यावर घेऊन तिला घरी घेऊन गेला. सखीची शाळा तिथं सुटली.

पुढं दिनेशशी लग्न होऊन ती कामतघरला आली. दिनेश लूमवर शिफ्ट करायचा. सखी शेजारच्याच शेडमध्ये कांड्या भरायला लागली, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर मशीननं सूत गुंडाळायचं काम. कारखान्यात हिंदी, चाळीत मिळेल ती भाषा, घरात पाड्याची बोली. प्राजक्ता एकुलती. ती शाळेत जायला लागली तशी तिची बोली बदलली, शहरातली झाली, आणि सखीला त्याचा अभिमानच वाटला.

प्राजक्ताला विज्ञान शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाई ब्राह्मणआळीतल्या. त्यांचं घराणं भिवंडीत पिढ्यान् पिढ्या शिक्षकी आणि कारकुनी करत आलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्राजक्ताला घरी बोलावून शिकवलं. पहिल्या वर्षी प्रवेशपरीक्षेत थोडक्यात गेलं तेव्हा सखीच्या दारात येऊन, आणखी एक वर्ष द्या पोरीला, असं सांगून गेल्या त्याही बाईच. दुसऱ्या वर्षी गुण बरे पडले. पण बरे म्हणजे नक्की काय, ते कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. गेल्या वर्षीचे आकडे बघून बाईंनी अंदाज बांधला होता. मुंबई-ठाणे विसरायचं. लागलं तर धुळे, नाहीतर नंदुरबार, आणि लागलं तर शेवटच्या पाच-पंचवीस जणांत.

फी माफ होती. सरकारी वसतिगृहाचं भाडंही किरकोळ होतं. पण जेवणाची मेस, पुस्तकं, पांढरा कोट, अभ्यासाला लागणारा हाडांचा संच, जाणं-येणं, हे सगळं घरातून जायचं. शिष्यवृत्ती हातात येईपर्यंतचे पहिले महिने तर पूर्णच घरातून. आणि घरात त्या दिवसांत काय होतं? दिनेशच्या शेडमधल्या लूम आठवड्यातले दोन दिवस बंद राहत होत्या. मशीन भंगारात काढायची भाषा शेठ उघड करायला लागला होता.

दिनेशनं त्याच्या परीनं तोड काढली होती. नर्सिंगला कल्याणला घालू, रोज घरनं जाईल, घरचंच खाईल. तो हे वाईट बुद्धीनं म्हणत नव्हता. लूमच्या आवाजानं त्याचा एक कान जवळजवळ गेला होता, हात पूर्वीसारखे चपळ राहिले नव्हते, आणि अर्ध्यात सोडाव्या लागणाऱ्या गोष्टीला हातच घालू नये असं त्याला वाटायचं. हा विषय निघाला की प्राजक्ताच्या जेवणातली एक चपाती कमी व्हायची.

दुसरी यादी पुढं पुढं ढकलली जात राहिली. प्राजक्ता सकाळी डोळे उघडायच्या आधी मोबाइल चाचपायची. तिच्यासारख्याच मुलांचा एक ग्रुप होता, त्यात दर तासाला नवी अफवा यायची. जागा कमी झाल्या, कोर्टात केस लागली, यंदा कटऑफ वर जाणार. मधेच कुणातरी गोड बोलणाऱ्या माणसाचे फोन यायचे, बाहेरगावच्या कॉलेजात सीट मिळवून देतो म्हणणारे. एकदा दिनेश अशा माणसाशी बराच वेळ बोलत बसला तेव्हा प्राजक्तानं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. ती रात्री दात खात झोपते हे सखीच्या लक्षात आलं होतं. पोरगी यादीत येणार नाही म्हणून भीत होती, आई ती यादीत येईल म्हणून. आणि एका खोलीत दोघी एकमेकींना चहा करून देत होत्या.

एक दिवस सखी प्रमोदिनीबाईंकडं गेली आणि जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं. तिथं पोरगी आजारी पडली तर कोण बघतं?

बाईंना हसू आलं. "अहो सखीताई, ती हॉस्पिटलच्या आवारातच राहणार आहे. तिच्याइतकं सुरक्षित कोण असेल?"

सखीला हसता आलं नाही. बाईंचं म्हणणं बरोबर होतं, तिला ते समजतही होतं. भीती मात्र गेली नाही.

त्याच आठवड्यात तिनं दिनेशला सांगितलं की ती धुळ्याला जाऊन बघून येणार आहे. यादी लागायच्या आधी जाऊन काय करणार, आणि लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला. लोकांना सांगायचंच कशाला, असं सखी म्हणाली. प्राजक्ताला त्यांनी सांगितलं की आई जान्याआजाकडं चालली आहे.

सखी त्याआधी नाशिकच्या पुढं कधी गेली नव्हती, आणि एकटी तर अंबाडीच्या पुढंही नाही. पहाटे भिवंडीच्या स्टँडवरून तिनं नाशिकची एसटी धरली, बायकांचं अर्धं तिकीट काढून. पडघा मागं पडलं, ओळखीची नावं संपली. नाशिकला गाडी बदलताना तिनं तीन जणांना विचारलं, तिघांनी एकच फलाट दाखवला, तरी गाडीत बसल्यावर तिनं कंडक्टरला पुन्हा विचारलं. मालेगावच्या पुढं मोकळं माळरान लागलं. आपल्याकडच्यासारखे डोंगर नाहीत, आडोसा नाही. एवढ्या लांब पोरगी, आणि मध्ये हे सगळं. तिनं खिडकीतून बघायचं सोडून दिलं.

धुळ्याच्या सरकारी हॉस्पिटलात तिला कुणी अडवलं नाही. पेशंटचे नातेवाईक जिथं बसले होते तिथं तीही बसली. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, डबे उघडून जेवणाऱ्या बायका. वॉर्डातून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं आणि तिला वाटलं, उठावं आणि मिळेल ती गाडी पकडून परत जावं. इतक्यात पांढरे कोट घातलेल्या चार-पाच मुली बोलत बोलत समोरून गेल्या. एकीच्या बोलण्याचा हेल पाड्याकडचा वाटला म्हणून सखी उठून तिच्या मागं गेली, आणि मुलींच्या मेसच्या दारापाशी तिला गाठलंच.

ती मुलगी नेत्रा. नंदुरबारच्या वरच्या डोंगरातली, तिसऱ्या वर्षाला. आधी तिला वाटलं, बाई वॉर्ड शोधतेय. सखीनं अडखळत सगळं सांगितलं, की लेकीचं नाव अजून लागलेलं नाही, पण लागलं तर इथं लागेल, म्हणून ती बघायला आली आहे. नेत्रानं तिला मेसमध्ये नेऊन बसवलं आणि स्वतःच्या ताटातली भाकर अर्धी तोडून दिली. महिन्याला मेसचं किती जातं, जुनी पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलींकडून कशी मिळतात, हाडांचा संच तिघींत मिळून घेतला तर कसं भागतं, पहिलं वर्ष इंग्रजीनं कसं रडवतं, असं बरंच तिनं न विचारता सांगितलं. सखी मान हलवत होती. शेवटी तिनं तो एकच प्रश्न विचारला.

"पडले ना आजारी," नेत्रा म्हणाली. "पहिल्याच वर्षी डेंग्यू झाला. खोलीतल्या पोरींनी धरून वॉर्डात नेलं. सगळे होते बघायला, सर पण आले होते."

"आनि तुझी आई कवा आली?"

"आईला मी बरी झाल्यावर सांगितलं. तिला यायला दोन दिवसांची मजुरी बुडाली असती, वर गाडीभाडं. आधी सांगितलं असतं तर उगाच रडली असती."

नेत्रा हे सहज बोलली, भात कालवता कालवता. तिला जे बघायचं होतं ते तिनं बघितलं होतं. इथं पलंग होते, औषध होतं, हाकेच्या अंतरावर डॉक्टर होते. फक्त पोरी अजूनही बोलत नव्हत्या. निघताना तिनं नेत्राचा नंबर मागून घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरली.

दुसऱ्या यादीत प्राजक्ताचं नाव आलं. धुळे.

प्राजक्ता ओरडली नाही की नाचली नाही. मोबाइल आईच्या हातात देऊन खाली बसली आणि गुडघ्यांत डोकं घातलं. दिनेशला शेडमध्ये जाऊन सांगावं लागलं. तो मशीन बंद न करताच बाहेर आला, आणि चांगल्या कानाला हात लावून पुन्हा सांगायला लावलं. हजर व्हायला थोडेच दिवस होते. दाखले, पडताळणी, सगळे कागद बाईंनी आधीच तयार करून घेतले होते. राहिला होता तो पुढल्या महिन्यांचा प्रश्न.

त्याचं उत्तर सखी धुळ्याहून घेऊनच आली होती. कामतघरच्या खोलीचं भाडं आणि तिथल्या मेसचा महिना जवळजवळ सारखा होता. खोली सोडायची, पाड्यावर जान्याच्या घरी जाऊन राहायचं, आणि दोघांनी पडघ्याला गोदामात काम धरायचं. अंबाडीहून शेअर गाड्या जातात. लूम आज ना उद्या बंदच होणार होत्या. सकाळी दिनेशनं एवढंच विचारलं की डिपॉझिट परत मिळेल का.

प्राजक्ताला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. तिनं सांगून टाकलं की ती जाणार नाही, नर्सिंगला जाईल, कल्याणला. सखीनं तिला बोलू दिलं. बोलता बोलता पोरीचा आवाज बारीक झाला.

"मी पहिल्याच वर्षी नापास झाले तर? तुम्ही खोली सोडलेली असणार. मी तोंड घेऊन येऊ कुठं?"

"पाड्यावर ये. घर हाय तिथं."

"आई, मला खरंच भीती वाटते."

"मला बी वाटते," सखी म्हणाली. "मी आजाकडं गेलेली न्हाय त्या दिवशी. धुळ्याला गेलती."

मग तिनं लेकीला सगळं सांगितलं. तिथली मेस, नेत्रा, नेत्रानं आईपासून लपवलेला डेंग्यू. आणि चंद्राचंही सांगितलं, जे तिनं दिनेशलासुद्धा कधी पुरतं सांगितलं नव्हतं. प्राजक्ता ऐकत राहिली. शेवटी सखी म्हणाली,

"नापास झालीस तर मी काय बोलनार न्हाय. पन ताप आला तर त्याच दिवशी फोन करायचा. घरात पैसं हाय का न्हाय ते बघून ताप लपवायचा न्हाय. हे कबूल असंल तरच जा."

प्राजक्तानं मान डोलावली. सखीनं तिला तोंडानं "हो" म्हणायला लावलं.

धुळ्याला प्रवेशाच्या दिवशी टेबलामागचा माणूस एकेक कागद उलटत होता आणि तिघं समोर उभी होती. एका कागदावर तो थांबला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. दिनेशनं सखीचा हात धरला, चारचौघांत, जे त्यानं लग्नानंतर कधी केलं नव्हतं. मग शिक्का पडला. वसतिगृहाच्या दारात नेत्रा आली आणि तिनं प्राजक्ताची बॅग उचलली. गाडी सुटेपर्यंत सखी रडली नाही. चांदवडच्या आसपास कुठंतरी तिला रडू आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

पाड्यावर फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची. सखी कामावरून आली की आधी तिथं जाऊन उभी राहायची. प्राजक्ता सांगायची, शरीर कापून शिकवतात तिथं पहिल्या दिवशी तिला उलटी झाली, इंग्रजी समजत नाही, मेसची डाळ पातळ असते. तक्रारी ऐकल्या की सखीला बरं वाटायचं. पोरगी नुसतं "ठीक आहे" म्हणाली तर तिला त्या रात्री झोप यायची नाही.

गोदामात ड्युटीवर फोन आत नेता यायचा नाही, गेटवर ठेवावा लागायचा. थंडी सुरू झाल्यावर एका संध्याकाळी सखीनं गेटवर फोन घेतला तर पडदाभर मिस कॉल होते, सगळे प्राजक्ताचे, दुपारपासूनचे. तिनं उलट फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारच्या बायका काय झालं विचारत होत्या. तिच्या डोळ्यांपुढं जीप होती, आणि जीपमागं उडालेली धूळ.

तिसऱ्यांदा नेत्रानं फोन उचलला. "काकू, ॲडमिट केलंय तिला. ताप फार चढला, टायफॉइडची तपासणी करताहेत, सलाईन चालू आहे, आता झोपलीय. आज सकाळीच ताप आला. आईला फोन लाव म्हणून तिनंच माझं डोकं खाल्लं दिवसभर."

सखीनं दिनेशला निरोप ठेवला आणि कामाच्या कपड्यांतच हायवेला येऊन धुळ्याची गाडी धरली. गाडीभर ती भीतच होती. नेत्रा खरं बोलतेय का, का आपल्याला धीर देतेय, हेच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. वॉर्डात पोचली तेव्हा प्राजक्ता उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, हाताला सुई. आईला बघून तिचा चेहरा पडला.

"तू कशाला आलीस? खाडा लागेल ना. मी फक्त सांगायला फोन केला होता."

"सांगितलंस म्हनून आले," सखी म्हणाली आणि तिच्या कपाळाला हात लावला. अंग गरम होतं. पण तव्यासारखं नव्हतं.

ताप उतरेपर्यंत ती तिथंच राहिली, नातेवाइकांच्या बाकड्यांवर, डबे उघडणाऱ्या बायकांमध्ये. नेत्रा येऊन-जाऊन होती. एका दुपारी ती सखीशेजारी येऊन बसली, आणि मग उठून कोपऱ्यात जाऊन तिनं आपल्या घरी फोन लावला.

त्या आजारपणात प्राजक्ताची एक चाचणी बुडाली, दुसरीत कमी गुण पडले. पहिलं वर्ष ती पास झाली, वरच्या क्रमांकानं नव्हे, पण एका झटक्यात. कामतघरची शेड बंद झाली, लूम ट्रकमध्ये भरून भंगारात गेल्या. दिनेश ते जाऊन बघून आला. शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा प्राजक्तानं आईला एक दिवस मेसमध्ये पोटभर जेवायला घातलं.

सखी अजून पडघ्याच्या गोदामात जाते. परीक्षेचे दिवस आले की तिला घास जात नाही, आणि फोन पहिल्या वेळेला उचलला गेला नाही तर ती लागलीच पुन्हा लावते. ही धास्ती आता जाणार नाही असं ती धरून चालते. खोकी भरताना बायका तिला डॉक्टरची आई म्हणून हाक मारतात. सखी लगेच त्यांना थांबवते. अजून न्हाय झाली, अजून लई वर्सं हायेत, असं म्हणते, आणि पुढचं खोकं ओढते.